रेहेकुरीचे काळवीट : माळाचे मोल

(वन्यजीव सप्ताहानिमित्त शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य उभे राहते. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात तसेही अभयारण्य आहे. 1986 साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 361 चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. परंतु मी आज बोलणार आहे ते कर्जत तालुक्यातील रेहेकुरीविषयी. त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे 217 हेक्टर. एखाद्या लहान गावाच्या शिवाराहूनही हे क्षेत्र कमी भरेल.

कर्जत हा पर्जन्यछायेतला तालुका. दक्षिणेस भीमा आणि पूर्वेस सीना वाहत असली तरी मधला माळ कोरडाच. मुरमाड जमीन, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि अधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, तरवड. महसुली दप्तरात अशा जमिनीस आपण सहजपणे ‘पडीक’ म्हणतो. वस्तुतः ती पडीक नाही. काळविटाचे घर तेच आहे.

काळविटाचा जीवनक्रम

काळवीट दाट झाडीत रमत नाही. तीक्ष्ण दृष्टी आणि वेग हीच त्याची संरक्षणाची साधने; ती उपयोगी पडतात मोकळ्या माळावर. नराचा रंग वयाबरोबर गडद होत जातो; पूर्ण वाढलेला नर वरून काळा, पोटाकडे पांढरा दिसतो. त्याची पिळदार शिंगे सांबराच्या शिंगांप्रमाणे गळून पडत नाहीत. मादी पिंगट रंगाची व बहुधा शिंगांविना असते. तिला सुमारे सहा महिन्यांच्या गर्भावधीनंतर सामान्यतः एकच पाडस होते, आणि पहिले काही दिवस ते गवतात दडून राहते. म्हणून गवत नाहीसे झाले की पुढची पिढीही नाहीशी होते.

या माळावर काळविटाच्या जोडीला चिंकारा, लांडगा, खोकड, ससा, मुंगूस यांचा वावर आहे. टिटवी, तित्तिर, चंडोल हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. हिवाळ्यात भोवत्यासारखे शिकारी पक्षी दूर उत्तरेकडून येतात.

इतिहासाचा धडा

एके काळी देशातील माळांवर काळविटांचे मोठमोठे कळप होते. मोगल बादशहा व संस्थानिक पाळीव चित्त्यांकरवी त्यांची शिकार करीत. कोल्हापूर संस्थानात ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. पुढे बंदुका आल्या, माळ नांगराखाली गेले, आणि कळप विरळ झाले. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. काळविटावरही ती वेळ येऊ नये म्हणून 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान मिळाले. 1980 साली रेहेकुरी अभयारण्य घोषित झाले. त्या वेळी येथे मोजकीच जनावरे उरली होती. संरक्षण मिळताच त्यांची संख्या वाढत शेकड्यांत गेली.

पण माळढोक आपल्याला वेगळी गोष्ट सांगतो. 1979 साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्रही विस्तीर्ण होते. तरीही राज्यातून तो पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला. संरक्षणाचा आदेश निघाला म्हणजे माळ वाचला, असे होत नाही.

आपले कर्तव्य

जनावरांना अभयारण्याची सीमा कळत नाही. ती रात्री-पहाटे ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात उतरतात. कुकडीच्या कालव्याचे पाणी आल्यापासून पीकपद्धती बदलली, शेतकऱ्याची गुंतवणूक वाढली, तसे नुकसानही वाढले. कोरडवाहू शेतकऱ्याने वन्यजीवांचा सारा भार एकट्याने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. शासनाची पीक-नुकसान भरपाईची योजना आहे. सदस्यांनी शेतकऱ्याचा अर्ज विनाविलंब वन विभागाकडे पोहोचवावा आणि संबंधित कर्मचाऱ्यांनी पंचनामा वेळेवर करावा. भरपाई वेळेवर मिळाली तर शेतकऱ्याचा रोष जनावरावर निघत नाही.

दुसरी गोष्ट वृक्षारोपणाची. झाडे लावणे हे सत्कार्यच. परंतु गवताळ माळावर दाट झाडे लावल्यास काळविटाची दृष्टी अडते, गवत खुंटते आणि हिंस्र प्राण्यास आडोसा मिळतो. झाडे गावठाणात, बांधावर, रस्त्याच्या कडेला लावावीत. माळाला गवत राखू द्यावे. ते गवत गावच्या गुरांनाही दुष्काळात उपयोगी पडते.

विहिरींना कठडे बांधणे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा तरी हा माळ दाखवावा, आणि गवतात पाडस आढळले तर ते अनाथ समजून उचलू नये, त्याची आई जवळच असते, एवढे आवर्जून सांगावे.

217 हेक्टरांचे रक्षण वन विभाग करील. परंतु त्या कुंपणाबाहेरचा माळ आपल्या हाती आहे, आणि काळविटाचे भवितव्य त्यावरच ठरणार आहे.