स्टार्टर धड, मोटर धड, केबल तुटलेली

अमरावती-अकोल्याकडं बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक व्हिडिओ फिरतो: डोक्यात यंत्र बसवलं आणि लुळा माणूस चालायला लागला. आमच्या गटातल्या एका ताईचे मालक झाडावरून पडले, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. ताईनं विचारलं, "वावर विकलं तर हे होईल का?" म्हणून आम्ही माहिती काढली.

बातमी खरी आहे. नेदरलँड्सचे गर्ट-यान ओस्कम २०११ साली सायकल अपघातात जखमी झाले, पाय गेले. स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यात यंत्रं बसवली. ते उभे राहिले, आधार घेऊन चालू लागले, हे २०२३ साली जगाला कळलं.

हे होतं कसं? मेंदू म्हणजे स्टार्टर, पाय म्हणजे विहिरीतली मोटर, मणक्यातला मज्जारज्जू म्हणजे केबल. केबल तुटली की दोन्ही धड असून पाणी येत नाही. 'पाय उचल' हा मेंदूचा हुकूम हे यंत्र ओळखतं आणि तुटलेल्या जागेच्या खाली बिनतारी पोचवतं. मोबाइलवरून पंप सुरू करतो ना, तसंच.

पण हे अजून संशोधन आहे, निवडक रुग्णांवर चाललेलं. म्हणून ताईला सांगितलं, वावर विकू नका. कोणी "हमखास चालवतो" म्हणून पैसे मागितले, तर आधी जिल्हा रुग्णालयात विचारा.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. मोटरच गंजली तर नवी केबल काय करणार? दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा रोज बघा. लाल डाग दिसला की तिथं भार देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकून सांधे रोज हलवा. आणि कोणी उंचावरून पडलं, तर ओढून बसवू नका. मान-पाठ हलू देऊ नका, १०८ ला फोन करा.

हे सगळं एकट्या बाईवर पडलं तर तीही अंथरूण धरते. आमच्या गटानं पाळ्या लावल्या: रोज दुपारी एक जण ताईच्या घरी जाते, तेवढ्यात ताई झोपून घेते. दिव्यांग प्रमाणपत्राच्या कागदांसाठीही आम्ही सोबत गेलो.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. असं यंत्र तेव्हा नव्हतंच.

तुमच्या गावात असं कोणी खाटेवर असेल, तर येत्या बैठकीत त्या घराचा विषय घ्या. पाळी कोणाची, ते तिथंच ठरवा.