बाण प्लसकडून मायनसकडे



विजेचा धडा सुरू झाला की मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. आकृतीत धारेचा बाण सेलच्या प्लसकडून मायनसकडे काढलेला असतो, आणि त्याच पानावर लिहिलेलं असतं, की इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात. मग खरं काय? घरी विचारलं तर ‘पाठ कर’ एवढंच उत्तर मिळतं. पण यात पाठ करण्यासारखं काही नाही.

१७४७च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी विजेच्या संदर्भात धन आणि ऋण हे शब्द रूढ केले. वायरीत नेमकं काय सरकतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ मध्ये, आणि तो निघाला ऋण प्रभाराचा! तोवर धारा धनाकडून ऋणाकडे जाते असं धरून सगळे नियम बसले होते. ते मोडावे लागले नाहीत, कारण ऋण प्रभार डावीकडे गेला काय आणि तेवढाच धन प्रभार उजवीकडे गेला काय, परिपथाच्या हिशेबात फरक पडत नाही. म्हणून मुलांनो, बाण प्लसकडून मायनसकडेच काढा आणि गणित संपेपर्यंत तो बदलू नका. उत्तर उणे आलं तर घाबरून खोडू नका. धारा तुमच्या बाणाच्या उलट दिशेनं वाहते आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे झालं बाहेरच्या वायरीचं; सेलच्या आत धारा मायनसकडून प्लसकडे जाते आणि फेरा पुरा होतो.

याहून घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे बल्ब धारा ‘खातो’. एकामागोमाग जोडलेल्या दोन सारख्या बल्बांपैकी प्लसजवळचा जास्त उजळेल, असं अनेकांना वाटतं. दोन्ही सारखेच उजळतात. सायकलची साखळी आठवा: पॅडल मारताच सगळ्या कड्या एकदम सरकतात, आणि एकही कडी खर्ची पडत नाही. खर्च होते ती ऊर्जा. इलेक्ट्रॉन स्वतः अगदी संथ, सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत. तरी बटण दाबताच दिवा लागतो, तो साखळीसारखे सगळे एकदम सरकतात म्हणून.

धारेची दिशा डोळ्यांनी पाहायची आहे? तीन व्होल्टचा बटणासारखा चपटा सेल आणि छोटा लाल एलईडी आणा. एलईडीचा एक पाय लांब असतो. तो सेलच्या प्लस बाजूला आणि आखूड पाय मागच्या बाजूला टेकवा, दिवा लागेल. पाय उलटे करा, लागणार नाही; एलईडीतून धारा एकाच दिशेनं जाते. हा सेल लहान मुलांच्या हाती मात्र पडू देऊ नका; गिळला गेला तर जिवावर बेततं.

घरातल्या विजेची धारा सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, त्यामुळे तिथे प्लस-मायनस नाही. तिथे जपायचं ते फेज, म्हणजे झटका देणारी वायर, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर. दिव्याचं बटण फेजच्या वायरीवरच हवं. ते न्यूट्रलवर बसवलं असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते आणि बल्ब बदलताना झटका बसतो. तुमच्या घरातली बटणं जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या. तोवर बल्ब बदलायचा झाला तर आधी मेन स्विच बंद करा.