आईचं बोट
(युवक शिबिरातलं भाषण)



मला इथं चित्रकार म्हणून उभं केलंय. मी हापिसात फायली उचलणारा शिपाई. पेन्सिल हातात घेतली ती ४२ व्या वर्षी. तेव्हा जे बोलीन ते बिगरीतल्या पोराचं बोलणं समजा.

शाळेत चित्रकलेचा तास असायचा. रंगपेटी नाही म्हणून मी तासभर बाकावर उभा. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसणारी पोरं वेगळी. मी मनाशी ठरवून टाकलं, चित्राचा हात जन्मानंच येतो आणि आपल्या घरी तो आलेला नाही. सापळा बघा! जन्मानं काही ठरत नाही म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि चित्र मात्र जन्मावर सोडून देतो.

बाबासाहेबांनी उतारवयात कुंचला हातात घेतला होता, व्हायोलिनही शिकत होते. एवढ्या पदव्यांचा माणूस पुन्हा बिगरीत बसला. व्हॅन गॉगनं १८८० साली बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या मुलखात चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. धर्मप्रचाराचं काम सुटलेलं. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांतली माणसं लाकडासारखी ताठ आहेत. शिकवणीची चित्रं तो पुन्हा पुन्हा गिरवत राहिला. १८८५ साली त्यानं दिव्याखाली बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब रंगवलं. त्यातले हात बघा. पाच वर्षं घासल्यावर आलेत ते.

मी आईच्या हातापासून सुरुवात केली. आई झाडूखात्यातून रिटायर झालेली. तांदूळ निवडत बसली होती. मी पाच बोटं काढली, नखं काढली, झालं. बघतो तर केळ्यांचा घड! दुकानांचे बोर्ड रंगवणारा माझा मित्र मला शिकवायचा. त्यानं विचारलं, "हा हात कुणाचा?" म्हटलं, आईचा. "कुणाचाच नाही. हात कसा असतो ते तुला माहीत आहे, तेच काढलंस. बघितलंस कुठं?"

मग तो म्हणाला, बोटं काढू नको, बोटांमधली मोकळी जागा काढ. एक डोळा मीट, पेन्सिल हातभर लांब धरून माप घे. कागदाकडं कमी बघ, हाताकडं जास्त. माझ्याजवळ एक टू बी पेन्सिल आणि हापिसातल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. खोडरबर त्यानं काढून घेतलं. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर रेघ काढ, म्हणाला.

दहाबारा दिवस गेले. मधल्या बोटाजवळची जागा काही जमेना. माप चुकतंय म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं. माप बरोबर होतं. उजव्या हाताचं ते बोट सरळच होत नव्हतं.

"आये, ह्या बोटाला काय झालं?"

"कवाचं हाय ते. तू तिसरीत हुतास. गटाराच्या झाकणाखाली चेंगारलं."

"सरळ होत नाही?"

"झाडू धराया सरळ बोट कशाला लागतंय?"

चाळीस वर्षं त्या हातचं खाल्लं मी. कष्टकऱ्यांच्या हातांवर कविता म्हटल्या, टाळ्या घेतल्या. बोट बघितलं नव्हतं.

दोस्तहो, जात म्हणजे तरी काय? न बघता काढलेलं चित्र. माणूस समोर उभा असतो, आणि बघणारा त्याला ऐकीव माहितीवर रंगवतो. आपल्याला असं रंगवलं की आपण चवताळतो. चवताळलंच पाहिजे. पण मीही आईला 'कष्टकरी माय' म्हणून तसाच रंगवत होतो. घरात बसून, तिच्याच ताटात जेवून.

चित्र पुरं झालं तेव्हा आईला दाखवलं. बराच वेळ बघितलं तिनं. म्हणाली, "चित्रात तरी सरळ काढायचं हुतंस." मला उत्तर सुचलं नाही. बोट तसंच ठेवलं. आई दोन दिवस बोलली नाही.

तुम्ही फोटोवर चौकटी पाडून बाबासाहेबांना भिंतीवर उतरवता. तुमचा हात बसलेला आहे. आता चौकटी न पाडता, घरातलं एक माणूस समोर बसवा आणि काढा. पेन्सिली आणि पाठकोरे कागद त्या टेबलावर ठेवलेत. जाताना घेऊन जा.

खोडरबर मिळणार नाही.

जयभीम.