पगाराचा शुक्रवार आणि कमरेचं पिस्तूल



बंदुकांवरचा वाद बहुधा दोन टोकांना अडकतो. एक म्हणतो, सगळ्या काढून घ्या. दुसरा म्हणतो, गुंडांकडे त्या राहणारच, मग सज्जनांनीच का हात रिकामे ठेवावेत? आज मी तुम्हाला कोलंबियातल्या काली शहरात नेणार आहे. तिथल्या एका महापौरानं हा वाद बाजूला ठेवून कॅलेंडर उघडलं.

1983 साली कालीत वर्षाला लाख लोकांमागे 23 खून होत. 1994 पर्यंत हा आकडा शंभराच्या पुढे गेला. कोकेनच्या धंद्यातली काली टोळी तेव्हा जगभर कुप्रसिद्ध होती. त्यामुळे कुणी मेला की खुलासा तयारच असे : टोळीवाल्यांचं आपसातलं भांडण. सोयीचा खुलासा होता. तो एकदा मानला की शहराच्या कारभाऱ्यांना करण्यासारखं काही उरतच नाही.

1992 मध्ये रॉद्रिगो गेरेरो महापौर झाले. ते डॉक्टर, त्यातही साथरोगांचे अभ्यासक, हार्वर्डमध्ये शिकलेले. साथ आली की डॉक्टर जे विचारतो तेच त्यांनी खुनांबद्दल विचारलं. कोण, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, कशानं? पहिली अडचण अशी की पोलीस आणि शवविच्छेदन करणारी न्यायवैद्यक संस्था यांचे आकडेच जुळत नव्हते. मग गेरेरोंनी या दोघांना, सरकारी वकिलांना आणि पालिकेच्या माणसांना दर आठवड्याला एकत्र बसवून नोंदी ताडून पाहायला लावल्या. कंटाळवाणं काम आहे हे, त्याचे फोटो छापून येत नाहीत. पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

टोळ्या होत्याच. पण नोंदींतून दिसलं की खून शनिवार-रविवारी, सणासुदीला आणि पगाराच्या शुक्रवारी उसळतात. मरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या रक्तात दारू सापडे आणि बहुतेकांचा जीव गोळीनं गेलेला असे. हातात पगार, पोटात दारू, कमरेला पिस्तूल. शिवीगाळीचं भांडण एरवी ठोशांवर मिटलं असतं, ते शवागारात संपत होतं.

म्हणून ठरलं ते एवढंच : अशा दिवशी शस्त्र घेऊन बाहेर पडायचं नाही. घरी ठेवायला हरकत नाही, परवानाही रद्द होणार नाही. नाक्यानाक्यावर झडती सुरू झाली. परवानाधारक सापडला तर पिस्तूल तात्पुरतं जप्त आणि दंड. बिनपरवान्याचा सापडला तर अटक, आणि पिस्तूल कायमचं गेलं. आपल्याकडे निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, त्यामुळे हा विचार तुम्हाला अगदीच परका वाटू नये.

कालीत हे 1993-94 मध्ये झालं, पुढे बोगोटात अंतानास मोकुस महापौर असताना. 2000 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदीचे दिवस आणि बिनबंदीचे तसेच दिवस यांची तुलना केली तर खुनांचं प्रमाण कालीत 14 टक्के आणि बोगोटात 13 टक्के कमी. कुणी म्हणेल, एवढंच? ज्या शहरात वर्षाला हजारावर माणसं मारली जातात, तिथे चौदा टक्के म्हणजे किती घरं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

तरी ही बंदी पुढे सलग चालू राहिली नाही. का? कोलंबियात शस्त्रांचा परवाना देणं आणि तो स्थगित करणं लष्कराच्या हाती. प्रेतं मोजायची महापौरानं, पण बंदीसाठी होकार हवा लष्कराचा. कायदेशीर परवानेवाल्यांना का छळता, हा आक्षेप तिथेही होताच. माझ्या मते तो पोकळ आहे, कारण दारूच्या गुत्त्यात भडकलेल्या माणसाचा परवाना गोळी वाचत नाही.

2012 पासून बोगोटा आणि मेडेयीनमध्ये ही बंदी बारमाही झाली, 2015 च्या अखेरीपासून देशभर. काली मात्र आजही कोलंबियातल्या सर्वांत रक्तरंजित शहरांत गणली जाते. चोरटी पिस्तुलं तिथल्या वस्त्यांत मिळतातच, आणि ती बाळगणारा परवान्याच्या रांगेत कधी उभाच राहिलेला नसतो. त्याच्यापर्यंत पोचायला नाक्यावरची झडती हाच मार्ग, आणि ती घेणारा पोलीस विकला गेलेला नसावा लागतो.