गेल्या महिन्यात घरात कोण आजारी होतं?



आठ-नऊ वर्षांचं मूल. चार दिवस ताप हटत नाही. उलट्या, जुलाब आणि पोटात एवढं दुखतं की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतं. घरचे म्हणतात, शाळेबाहेर काहीतरी खाल्लं असणार. डॉक्टर पोट दाबून पाहतात आणि त्यांना अपेंडिक्सची शंका येते. 2020 साली अशी काही मुलं थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचली होती. दोष मात्र अपेंडिक्सचा नव्हता.

अशा वेळी आईवडिलांना एक साधा प्रश्न विचारायचा असतो. गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता का? उत्तर बहुतेकदा असं येतं, ‘ह्याच्या बाबांना झाला होता, पण ह्याला काहीच नाही झालं. एक दिवस जरा कणकण होती, तेवढीच.’ ती एका दिवसाची कणकण आम्हा डॉक्टरांना फार महत्त्वाची वाटते, कारण तोच त्या मुलाचा कोरोना असू शकतो.

मुलाला नंतर जडलेल्या या आजाराला डॉक्टर एमआयएस-सी म्हणतात. मुलांच्या शरीरात एकाच वेळी अनेक अवयवांना दाह सुरू होतो. कोरोनाचा संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी हे दुखणं उपटतं.

ते पहिल्यांदा नजरेत भरलं लंडनमध्ये. एप्रिल 2020 च्या मध्याला अवघ्या दहा दिवसांत आठ मुलं अतिदक्षता विभागात आली. ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आणि झपाट्यानं खाली जाणारा रक्तदाब. त्यातलं एक मूल दगावलं. त्याच सुमारास इटलीत बेर्गामोच्या डॉक्टरांनी जुनी नोंदवही काढली. कावासाकी नावाच्या आजारासारखी लक्षणं असलेली 19 मुलं त्यांनी आधीच्या पाच वर्षांत पाहिली होती. कोरोना आल्यावर दोनच महिन्यांत आली 10. मुंबईतही पहिल्या लाटेमागोमाग, 2020 च्या पावसाळ्यात, वाडियासारख्या बालरुग्णालयांत अशी मुलं दिसू लागली.

कावासाकी हे जपानी बालरोगतज्ज्ञाचं नाव. तोमिसाकु कावासाकींनी 1961 मध्ये टोकियोत चार वर्षांचा एक मुलगा तपासला. त्याचं दुखणं पुस्तकातल्या कुठल्याच आजारात बसेना. 50 मुलांची नोंद होईपर्यंत ते थांबले आणि 1967 साली त्यांनी लेख छापला. जून 2020 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले. तेव्हा जगभरचे डॉक्टर त्यांच्याच नावाच्या आजाराशी हा नवा आजार ताडून पाहत होते. दोन्हींत फरक आहे, बरं का. कावासाकी बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, एमआयएस-सीची मुलं जरा मोठी असतात. आणि पोटाच्या तक्रारी नि हृदयाची दुबळी हालचाल एमआयएस-सीत कितीतरी जास्त दिसते.

आता पालकांना हमखास गोंधळात पाडणारी गोष्ट. नाकातल्या स्वॅबची तपासणी पुष्कळदा निगेटिव्ह येते आणि रक्तात कोरोनाविरुद्धच्या अँटीबॉडी मात्र सापडतात. म्हणजे विषाणू येऊन गेला. साप केव्हाच निघून गेला, पण शरीराची प्रतिकारशक्ती भुई धोपटत बसलीय. 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी त्यामागचं एक कारण मांडलं. विषाणूतल्या एका प्रथिनाचा तुकडा आणि आपल्याच पेशींतलं एसएनएक्स-8 नावाचं प्रथिन यांच्यात थोडं साम्य आहे. त्यांनी तपासलेल्या आजारी मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांत या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या होत्या. उरलेल्यांचं कारण वेगळं असणार. सगळ्या मुलांना एकच किल्ली लागेल असं मला तरी वाटत नाही.

खाटेजवळ उभं राहून काय दिसतं? डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ सुकून चिरलेले, जीभ लालभडक. अंगावर पुरळ. अंग तापलेलं आणि हातपाय मात्र गार. बोटाचं नख दाबलं की ते पांढरं पडतं. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. चार-पाच सेकंद पांढरंच राहिलं तर रक्ताभिसरण कमी पडतंय, आणि मग वेळ दवडायचा नाही. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. तापाला तीन दिवस झाले आणि सोबत पोटदुखी, पुरळ किंवा लाल डोळे असतील, तर दुखणं अंगावर काढू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक पेच पडतो. डेंगीतही ताप असतो, पोट दुखतं, प्लेटलेट घटतात. डेंगीच्या शॉकमध्ये सलाइन हाच मुख्य उपचार. एमआयएस-सीत हृदयच दमलेलं असेल तर तेच सलाइन अंगाशी येऊ शकतं. म्हणून रक्ताच्या तपासण्यांबरोबर टूडी इको करतात, हृदय किती जोरानं आकुंचन पावतंय ते बघतात आणि मग सलाइन मोजूनमापून देतात.

उपचार आहेत, आणि ते चांगले लागू पडतात. एक म्हणजे शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून ते तयार होतं, वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम लागतं. 20 किलोच्या मुलाला 40 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. खर्चाचा अंदाज तुम्हाला आला असेल. दुसरं औषध म्हणजे स्टेरॉइड, फार स्वस्त. जून 2021 मध्ये 32 देशांतल्या 614 मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. नुसतं इम्युनोग्लोब्युलिन, नुसतं स्टेरॉइड किंवा दोन्ही, यांत बरं होण्याच्या दृष्टीनं ठळक फरक दिसला नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरला ही बातमी केवढी दिलाशाची! स्टेरॉइडचं नाव काढलं की आपल्याकडे पालक दचकतात, पण इथे ते जीव वाचवतं.

आणि लस? हा प्रश्न पालक आवाज खाली करून विचारतात. लसीनंतर एमआयएस-सी झाल्याच्या नोंदी आहेत, त्या लपवायचं काही कारण नाही. अमेरिकेत डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 या काळात 12 ते 20 वयाच्या 2 कोटी 13 लाख मुलामुलींनी लस घेतली. त्यांच्यापैकी 21 जणांना हा आजार झाला, म्हणजे दहा लाखांत एक. त्या 21 पैकी 15 जणांना कोरोना होऊन गेल्याचे पुरावे होते, म्हणजे दोष लसीचा की आधीच्या संसर्गाचा हे ठरवणं अवघड. उरले सहा. दुसऱ्या पारड्यात बघा. तिथल्याच 12 ते 18 वयाच्या मुलांच्या पाहणीत फायझरच्या दोन डोसांनी एमआयएस-सीपासून 91 टक्के संरक्षण मिळालं होतं. संरक्षणाचा हा आकडा फायझरच्या लसीचा आहे. आपल्याकडच्या मुलांनी मुख्यतः कोव्हॅक्सिन आणि कोर्बेव्हॅक्स घेतली, त्यांना तो जसाच्या तसा लावू नये.

ओमायक्रॉननंतर हा आजार खूपच कमी झाला. आज एखाद्या बालरोगतज्ज्ञाला वर्षभरात असा एकही रुग्ण दिसणार नाही, आणि म्हणूनच ‘घरात कुणाला कोरोना झाला होता का?’ हा प्रश्न विचारायचा राहून जाण्याची भीती आहे.

मूल घरी आल्यावर दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. बहुतेक मुलांचं हृदय काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत पूर्ववत होतं, पण इको पुन्हा करून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत धावण्याच्या शर्यती, कबड्डी, क्रिकेट बंद. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिली असेल तर मनानं थांबवू नका आणि वाढवूही नका. आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस 11 महिने पुढे ढकलावी लागते, नाहीतर ती नीट लागू होत नाही. शाळेत किंवा अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि नर्सताईंना तारीख दाखवा.