शिरोडकरला काय वाटत होतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, आणि तो प्रश्न माझा नाही, माझ्या मावसबहिणीचा आहे. ती नववीत आहे, सेनगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. गेल्या उन्हाळ्यात मी तिला मिलिंद बोकिलांची 'शाळा' दिली होती. म्हटलं वाच, तुझ्याच वयाची गोष्ट आहे. दिवाळीत मी पुण्याहून घरी गेले तेव्हा पुस्तक परत आलं. वहीला घालतो तसं वर्तमानपत्राचं कव्हर घालून, नीट. मी विचारलं, आवडलं का? म्हणाली, "हो, लई आवडलं. पण ताई, शिरोडकरला काय वाटत होतं?"

मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, "मुकुंदला काय वाटतं ते सगळं लिहिलंय. तिला काय वाटतं ते कुठंच नाही. तिला कामून नाही विचारलं कुणी?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही नववीतच होते. आणि चार वाचनांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'शाळा' 2004 साली मौज प्रकाशनाकडून आली. काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी नावाचा नववीतला मुलगा स्वतःच्या तोंडून सगळं सांगतो. त्याचे मित्र, ती अर्धवट बांधलेली बिल्डिंग जिथं ते जाऊन बसतात, मास्तर, घर, नरूमामा, आणि शिरोडकर. त्याला ती आवडते. ती आज दिसली का, दिसली तर बघितलं का, बघितलं तर कसं बघितलं, या सगळ्याचा तो रात्रंदिवस हिशोब करत असतो. त्या वयाचं मन इतकं खरं मराठीत क्वचितच आलंय. 2012 मध्ये सुजय डहाकेंचा सिनेमाही आला, त्यामुळे पुस्तक न वाचलेल्यांनाही शिरोडकर माहीत आहे.

आता गंमत बघा. आपण तिला शिरोडकर म्हणतो. आडनावानं, म्हणजे बापाच्या नावानं. शाळेत तशीच पद्धत होती, आमच्याही होती. पण मुकुंदला त्याचा असा एक आवाज आहे, त्यात घरातल्या बहिणीलासुद्धा तो अंबाबाई म्हणून चिडवतो. तिला मात्र पुस्तकभर फक्त चेहरा आहे. ती बघते, हसते, गप्प होते, आणि तिच्या गप्प होण्याचा अर्थ मुकुंद लावतो. शेवटी तिच्या घरचे गाव सोडतात, तीही जाते. गाव सोडताना तिला काय वाटलं? बहिणीचा प्रश्न तोच होता.

इथं मी बोकिलांची तक्रार करत नाहीये, हे स्पष्ट सांगते. त्यांनी एका मुलाच्या डोक्यात बसून पुस्तक लिहिलं. त्या मुलाला पलीकडच्या मुलीच्या मनातलं कळत नाही, हाच तर त्या वयाचा खरेपणा आहे. त्यांनी मध्येच शिरोडकरच्या मनात डोकावून दाखवलं असतं तर पुस्तक खोटं झालं असतं. प्रश्न एका पुस्तकाचा नाही. प्रश्न असा आहे की त्याच कपाटात, त्याच्या शेजारी, तिचं पुस्तक का नाही?

मग मी शोधायला बसले. माझं काम सॉफ्टवेअरचं, मराठी साहित्याचा माझा अभ्यास नाही. त्यामुळे आता सांगते ती वाचकाची यादी समजा, प्राध्यापकाची नाही. माझा निकष एकच होता. मुलगी वयात येते आहे, आपण कोण हा गोंधळ तिच्या डोक्यात आहे, आणि गोष्ट ती स्वतः सांगते आहे.

पहिली आठवली चानी. चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी. कोकणातलं गाव, आणि गोऱ्या माणसापासून झालेली एक मुलगी. तिचा रंग वेगळा, केस वेगळे, म्हणून गावानं तिला कधी आपलं म्हटलंच नाही. व्ही. शांतारामांनी 1977 मध्ये त्यावर सिनेमा केला, रंजना चानी झाली होती. आपण कोण, कुणाच्या, हा प्रश्न चानीइतका उघडा क्वचित कुणाच्या वाट्याला येतो, कारण तिच्या तोंडावरच तो लिहिलेला आहे. पण तिच्याबद्दल बोलतं कोण? गाव बोलतं. तिला जीव लावणारा दिनू हा मुलगा आहे, त्याच्यासोबत आपण तिच्याकडे बघतो. म्हणजे पुन्हा आपण बघणारेच.

मग सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', 2006 ची. तिथं दोन भाग आहेत, भाऊ तनय आणि बहीण अनुजा, आणि दोघंही आपापलं सांगतात. अनुजा घरातून निघून जाते, परत येते, आणि परत आल्यावर घरानं ठरवलेली मुलगी तिला होता येत नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण अनुजा पुण्यातली, कॉलेजातली. माझ्या बहिणीला अजून दहावीचा फॉर्म भरायचाय.

थोडं मागे गेलं तर विभावरी शिरूरकर. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात आलं आणि गदारोळ झाला. ही विभावरी कोण, याचाच लोक शोध घेत बसले. त्या म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. मुलींच्या मनातलं लिहिण्यासाठी लेखिकेला स्वतःचं नाव लपवावं लागलं. म्हणजे गोष्ट सांगायची तर नाव सोडा, आणि नाव ठेवायचं तर गप्प बसा.

अजून मागे गेले, आणि तिथं मला एक मुलगी सापडली. कादंबरीत नाही, निबंधात. 1855 साल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. वय 14 च्या आसपास, मांग समाजातली. तिनं आपल्या आणि महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो जरूर वाचा, आपल्याला आज सहज मिळतो. मी फक्त त्यातला मुद्दा सांगते. ती म्हणते, वेद आमचेच, असं ब्राह्मण म्हणतात, आम्हाला ते बघायचीही मुभा नाही. मग आमचं धर्माचं पुस्तक कोणतं? ते नसेल तर आम्ही कोणत्या धर्माचे? आणि हे ती थेट देवाला विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हेसुद्धा ती लिहिते.

म्हणजे बघा, मी कोण, हा प्रश्न मराठीत छापून येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. आणि तो विचारणारी होती माझ्या बहिणीच्या वयाची मुलगी. तीन वर्षं शाळेत गेलेली! तिला तेवढीच शाळा पुरली. त्या निबंधानंतर मुक्ताचं पुढे काय झालं, हे विचारलं की मात्र सगळे गप्प होतात.

आपल्या भागाचं म्हणाल तर जनाबाई आहेच. नामदेवांचं नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यात, आणि जनाबाई शेजारच्या परभणीतल्या गंगाखेडची. परंपरा सांगते की ती लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि तिथंच कामाला राहिली. अभंगात ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, पण त्याच अभंगात स्वतःचं जनी हे नावही लिहिते. मी लहानपणी हे नुसतं पाठ केलं होतं. आता वाटतं, दुसऱ्याच्या घरात राहून स्वतःचं नाव शेवटच्या ओळीत लिहायला किती धीर लागला असेल.

आता मुळात मला हा भाग का करावासा वाटला, ते सांगते.

आमच्या नववीच्या वर्गात माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. नाव सांगणार नाही. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, आणि मी पुढे इंजिनिअर झालेली आहे, हे लक्षात घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. घरचे ऊसतोडीला गेले होते, तीही गेली होती. महिनाभर हजेरीत तिचं नाव घेतलं जायचं, कुणीतरी "गैरहजर" म्हणायचं. मग नाव घेणंही बंद झालं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं.

ज्यांना ऊसतोडीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे मुलाला बायको आली की कोयता पूर्ण होतो, आणि मुलीचं लग्न झालं की तिला मागं ठेवून जायची काळजी मिटते. आपल्या मराठवाड्यात मुलींची लग्नं लवकर होण्यामागं हे एक मोठं कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं. पाचात एकीहून जास्त. हा आकडा सगळ्या महाराष्ट्राचा आहे, मुंबई-पुणे धरून.

मुकुंदची नववी संपते आणि तो दहावीत जातो. दुःखी असतो, पण जातो. तिची नववी संपलीच नाही. जे वय आपण स्वतःचा शोध वगैरे म्हणतो, ते तिला मिळालंच नाही. काल ती अमक्याची पोरगी होती, आज अर्धा कोयता.

आणि आता जे सांगायला मला अवघड जातंय ते. 'शाळा' मी वाचली ती त्याच वर्षी, उन्हाळ्यात. बाजूची जागा रिकामी होऊन सहा महिने झाले होते. वाचताना मी कोण होते माहितीये? मी मुकुंद होते. गोष्ट जो सांगतो त्याच्या जागी आपण बसतो, त्यात काही चूक नाही. पण पुस्तकातून निघून गेलेल्या मुलीसाठी मी रडले, आणि माझ्या बाकावरून निघून गेलेल्या मुलीची मला त्या रात्री आठवणही आली नाही. तिला शाळा सोडताना काय वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. नंतर एकदा हिंगोलीच्या बसस्टँडवर दिसली होती, कडेवर लेकरू होतं. "कशी आहेस?" "बरी हाय." बस आली, मी चढले.

म्हणून बहिणीचा प्रश्न मला लागला. तिनं पुस्तकाबद्दल विचारलं होतं, मला बाक आठवला.

तर तिच्यासाठी पुस्तक हवं. आणि ते पुण्याच्या कॉलेजातलं नको, हळद काढणीच्या दिवसातलं हवं. शिजवलेल्या हळदीचा वास, पिवळी झालेली बोटं, मोबाइल भावाकडं, पाळी आली म्हणून वेगळं बसायचं, आणि त्यातच गणित आवडतं म्हणून स्वतःचाच राग. नायिका आदर्श नसली तरी चालेल. चिडकी असावी, खोटं बोलणारी असावी, आईशी भांडणारी असावी. मुलांना आपण पुस्तकात चुकू देतो, मुलींना नाही. आपल्या गोष्टीतली मुलगी एकतर सोसते नाहीतर कलेक्टर होते. मधली, जिला अजून काहीच कळलेलं नाही, ती कुठाय? आणि असं पुस्तक कुणी लिहिलं असेल आणि मला माहीत नसेल, तर मला फार आनंद होईल. नक्की कळवा, मी पहिली प्रत बहिणीला देणार आहे.

जाता जाता एवढंच. दिवाळीच्या त्या गप्पांनंतर मी तिला म्हटलं, उत्तर मला येत नाही, तूच लिही की शिरोडकरचं. सहज म्हटलं होतं. संक्रांतीला मावशीचा फोन आला, पोरगी रात्री काहीतरी लिहीत बसते, अभ्यास आहे का विचारलं तर नाही म्हणते, तूच काय सांगितलंस का तिला? मी बहिणीला फोनवर घ्यायला लावलं. विचारलं, शिरोडकरचं लिहितेस का? म्हणाली, "आधी तिचंच लिहीत होते. आता दुसरंच झालंय." म्हटलं, मला वाचायला देशील? थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाही ताई. आत्ताच नाही."

मी पुन्हा मागितलेली नाही. मावशीला फक्त एवढं सांगितलं की वही तिच्या दप्तरातून काढू नका, आणि दहावीपर्यंत तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढला तर आधी मला फोन करा. मावशी म्हणाली, दहावीपर्यंतच का, बारावीपर्यंत म्हण की. म्हटलं बरं, बारावी. पुढचं पुढं बघू.

तुमच्या बाकावरही कुणी असेल, जिला विचारायचं राहून गेलं. नंबर मिळत असेल तर फोन करा. मी माझ्या मैत्रिणीचा नंबर शोधतेय. तिच्या भावाचा मिळालाय, तिचा अजून नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.