कंपनीचा संघ आणि गावाचा क्लब



बेसा हे नाव नागपूरकरांना आता नवं राहिलेलं नाही. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींच्या मधे जे काही प्लॉट अजून रिकामे आहेत त्यांवर संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे, की झाला गोल. पोरांच्या अंगात मात्र शर्ट असतात ते मँचेस्टरचे, माद्रिदचे, बार्सिलोनाचे. एके दिवशी चेंडू माझ्या पायाशी आला, तो परत देताना मी सहज त्यांच्यातल्या एकाला विचारलं, की बाबा रे, हा कोणत्या गावचा क्लब? त्याने गावाचं नाव बरोबर सांगितलं आणि उलट मलाच प्रश्न केला, "सर, आपल्या महाराष्ट्राचा कोणता क्लब देशात पहिला आला होता का?"

मी म्हटलं, "आला होता. 2006 साली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड."

"मंग त्याचा शर्ट कुठं भेटते?"

"भेटत नाही. तो क्लबच आता नाही."

"म्हणजे हरला?"

"हरला नाही. बंद केला."

संघ हरतो हे त्या पोराला ठाऊक होतं. पण तो बंद करता येतो, एखाद्या दुकानासारखा, हे काही त्याला पटेना. खरं सांगायचं तर मलाही ते अजून नीटसं पटलेलं नाही. म्हणून आजचं हे भाषण.

आपल्याकडे मुंबईचा फुटबॉल हा आधी पलटणींचा आणि मग कंपन्यांचा. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत 1891 साली सुरू झाली आणि पहिला चषक नेला तो वूस्टरशायर रेजिमेंटने. पुढे जवळजवळ अर्धं शतक गोऱ्या पलटणीच तो नेत राहिल्या. पहिला हिंदी विजेता संघ म्हणजे 1937 सालचा बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर पलटणींची जागा कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, बँका, पोर्ट ट्रस्ट. मुंबईच्या मैदानावरची ही नावं वाचली की आपण शेअर बाजाराचं पान वाचतो आहोत की काय असं वाटावं! पण या संघांना कोणी हिणवू नये. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा, ऑलिंपिकमध्ये अशी किमया करणारा पहिला आशियाई खेळाडू, नेव्हिल डिसोझा, हा मुंबईच्या याच कंपनी-संघांतून खेळणारा गडी. त्या काळी चांगलं खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरी देई. सकाळी सराव, दुपारी हजेरीपुस्तकावर सही, आणि गुडघा दुखू लागला की उरलेली वीस-पंचवीस वर्षं टेबलामागे. गरिबाघरच्या मुलाला याहून मोठा आधार कोणता? आज व्यावसायिक खेळाडूचा करार दोन वर्षांचा असतो आणि गुडघ्याची जबाबदारी त्याची त्याच्यावर.

महिंद्रा कंपनीचा संघ उभा राहिला तो 1962 साली, या सगळ्या मांदियाळीत. पुढे बाकीचे संघ एकामागून एक मिटत गेले, गिरण्याच मिटल्या तिथे गिरणीचा संघ कुठला टिकणार, पण हा टिकला आणि वाढला. 1998 साली त्याने ड्युरँड चषक जिंकला. 2000 च्या सुमारास 'महिंद्रा युनायटेड' असं नाव घेतलं आणि 2001 साली ड्युरँड पुन्हा नेला. 2003 आणि 2005 साली फेडरेशन चषक. आणि मग आला तो 2005-06 चा हंगाम.

त्या हंगामाचं महत्त्व कळायला एक साधा हिशेब पुरेसा आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग ही स्पर्धा 1996-97 ते 2006-07 अशी अकरा वर्षं चालली. या अकरांपैकी नऊ विजेतेपदं कलकत्ता आणि गोवा यांनी वाटून घेतली : मोहन बागान तीन, ईस्ट बंगाल तीन, डेम्पो दोन, साळगावकर एक. उरली दोन. पहिल्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जे.सी.टी. कापडगिरणीचा संघ जिंकला, आणि दहाव्या वर्षी आमचा महिंद्रा युनायटेड. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढच्या फळीत ब्राझीलचा बारेटो, ज्याला कलकत्त्याने आधीच डोक्यावर घेतलं होतं, आणि बाजूने धावायला मुंबईचाच पोरगा स्टीव्हन डायस. त्याच वर्षी या संघाने कलकत्त्यात जाऊन आय.एफ.ए. शील्डही जिंकली. कलकत्त्यात जाऊन, हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो, कारण फुटबॉलमध्ये कलकत्त्यात जिंकणं म्हणजे कुस्तीत कोल्हापुरात जिंकण्यासारखं आहे.

त्या वर्षी मी नुकताच एम.ए. झालो होतो आणि एका मुलाखतीसाठी मुंबईला गेलो होतो. मुलाखत आटोपली आणि संध्याकाळी कूपरेजवर महिंद्राचा सामना आहे असं कळलं, म्हणून गेलो. तिकिटाला रांग नव्हती. खेळ उत्तम चालला होता. पण बाकांवर नजर टाकली तर बरीचशी रिकामी, आणि जे बसले होते त्यांतले कितीतरी पलीकडच्या संघाचे चाहते, नोकरीधंद्याने मुंबईत राहणारे. माझ्या शेजारचे एक गृहस्थ दर चांगल्या पासला टाळी वाजवत होते. मी विचारलं, आपण महिंद्राचे का? ते म्हणाले, "छे हो, माझं ऑफिस इथे जवळच आहे." आता हसू येतं, पण त्या उत्तरातच पुढचं सगळं होतं. देशात पहिला येऊ घातलेला संघ, आणि 'मी याचा' असं म्हणणारा माणूस बाकावर सापडेना.

2007 साली महिंद्रा युनायटेडने आशियाई पातळीवरच्या ए.एफ.सी. चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. 2008 साली तिसऱ्यांदा ड्युरँड आणि दुसऱ्यांदा शील्ड जिंकली. आणि 2010 साली कंपनीने जाहीर केलं, की या हंगामानंतर संघ विसर्जित होईल. कंपनी यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देईल. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ. तो लीगमधून खाली घसरला नव्हता, कर्जात बुडाला नव्हता. निर्णय झाला, पत्रक निघालं, खेळाडू दुसरे संघ शोधू लागले. वर्षभरातच, 2011 साली, फगवाड्याचा जे.सी.टी. संघही बंद झाला. म्हणजे कलकत्ता आणि गोवा यांच्या बाहेरचे जे दोनच विजेते, ते दोन्हीही कंपन्यांचे आणि दोन्हीही गेले.

यात कंपनीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी देणार नाही. ज्याने अठ्ठेचाळीस वर्षं पदरचे पैसे घातले त्याला थांबायचा अधिकार आहे. मला खुपतं ते वेगळंच. संघ बंद होतो म्हटल्यावर मुंबईत मोर्चा निघाला नाही, सभा झाली नाही, कोणी वर्गणीचा डबा फिरवला नाही. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर हळहळ आली आणि पान उलटलं. आपलं काही हरवलं असं वाटायला आधी ते आपलं असावं लागतं ना!

इथे मला जपानची आठवण होते. तुम्ही म्हणाल, मुंबईहून एकदम जपान? पण जपानचा फुटबॉलही मुळात अगदी आपल्यासारखाच, कंपन्यांचा. 1965 साली तिथे लीग सुरू झाली ती आठ संघांची, आणि ते सगळे कंपन्यांचे : फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यानमार डिझेल आणि असेच आणखी चार. खेळाडू कामगार आणि कारकून. याच संघांतल्या खेळाडूंनी 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि पुढे लोकांचा उत्साह ओसरत गेला. तेव्हा तिथल्या धुरिणांनी व्यावसायिक लीग काढायचं ठरवलं. तिचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची हे स्वतः फुरुकावा कंपनीच्या संघातून खेळलेले. त्यांनी आग्रह धरला, की संघाच्या नावात कंपनी नको, गाव हवं. 1993 साली दहा क्लब घेऊन जे-लीग सुरू झाली तेव्हा मित्सुबिशीचा संघ उरावा गावाचा झाला, मज्दाचा हिरोशिमाचा, सुमितोमो मेटल्सचा काशिमाचा. पैसा पुष्कळसा कंपन्यांचाच राहिला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पाटी बदलली की घर बदलतं असं नाही.

ते नाही हे जपानलाही लौकरच कळलं. योकोहामा शहरात दोन क्लब होते. एक निस्सान कंपनीच्या पाठबळावरचा मॅरिनोस आणि दुसरा ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीच्या पाठबळावरचा फ्ल्युगेल्स. फ्ल्युगेल हा जर्मन शब्द, अर्थ पंख. 1998 च्या ऑक्टोबरात फ्ल्युगेल्सला पैसा पुरवणाऱ्या दोघांपैकी एक, बांधकामाचा व्यवसाय करणारी कंपनी, अडचणीत येऊन बाजूला झाली. विमान कंपनीला एकटीने भार पेलवेना. जाहीर झालं, की फ्ल्युगेल्स मॅरिनोसमध्ये विलीन होणार. ज्या क्लबाविरुद्ध आयुष्यभर ओरडलो त्याच्यातच आता विलीन व्हा! चाहते रस्त्यावर उतरले, त्यांनी सह्या गोळा केल्या. निर्णय फिरला नाही.

राहिली होती फक्त सम्राट चषकाची स्पर्धा. ही बाद पद्धतीची. हरलात की संपलात. फ्ल्युगेल्सच्या खेळाडूंना ठाऊक होतं, की ज्या दिवशी आपण हरू तो क्लबाचा शेवटचा दिवस. ते हरले नाहीत. फेरीमागून फेरी जिंकत ते 1 जानेवारी 1999 रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर अंतिम सामन्याला उभे राहिले आणि शिमिझू संघाला 2-1 ने हरवून चषक जिंकला. हातात चषक, आणि उद्यापासून क्लब नाही. खेळाच्या इतिहासात असा विजय मला दुसरा ठाऊक नाही. मॅरिनोसच्या नावात त्यांची आठवण म्हणून एक 'एफ' हे अक्षर तेवढं घातलं गेलं.

चाहत्यांनी ते अक्षर स्वीकारलं नाही. त्यांनी आपसांत पैसे उभे केले आणि नवा क्लब काढला, योकोहामा एफ.सी. या क्लबाला खालच्या लीगपासून सुरुवात करावी लागली. 1999 साली आणि 2000 साली त्याने ती लीग जिंकली, 2001 पासून तो जे-लीगच्या दुसऱ्या वर्गात खेळू लागला, आणि 2006 साली त्या वर्गात पहिला आला. पुन्हा 2006! ज्या वर्षी कूपरेजवर आमचा महिंद्रा देशात पहिला आला त्याच वर्षी.

कोणी म्हणेल, ही जपानी माणसांची शिस्त, आपल्याकडे हे होणे नाही. मला तसं वाटत नाही. आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूरला जाऊन बघा. तिथले संघ पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या नावांचे. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि आखाडा म्हणजे पेठ. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ मैदानावर लोटते. कधीकधी इतकी लोटते की चेंडूपेक्षा समर्थकांचीच लढाई रंगते, हेही सांगितलं पाहिजे. कोल्हापूरच्या या संघांनी देशाचं विजेतेपद मिळवलेलं नाही. महिंद्राइतका पैसा त्यांनी स्वप्नातही पाहिला नसेल. पण उद्या कोणी म्हणू दे, की पाटाकडीलचा संघ बंद करतो. कोण करणार आणि कोणाला विचारून? आमच्या नागपूरजवळ कामठीला, जिथे 1821 पासून लष्कराची छावणी आहे, तिथल्या रब्बानी क्लबाचं नाव काढून बघा. म्हातारे लोकसुद्धा 'आपला' असाच शब्द वापरतील.

आणि ईशान्येकडे ऐजॉलने 2017 साली भारताची आय-लीग जिंकली तो क्लब शहराचाच. त्याचा प्रशिक्षक कोण होता? खालिद जमील, जो खेळाडू म्हणून महिंद्राकडून खेळला होता, आणि 2025 साली भारताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमला गेला. महिंद्राने मागे ठेवलेला वारसा म्हणायचा तर तो असा, माणसांच्या रूपाने. मुंबईत पुढे मुंबई एफ.सी. नावाचा क्लब 2007 ते 2017 असा दहा वर्षं चालला आणि गेला. 2014 साली मुंबई सिटी निघाला. त्याने 2021 साली आणि पुन्हा 2024 साली इंडियन सुपर लीग जिंकली. त्याच्या बाकांवर मात्र आता मुंबईची पोरं गाणी म्हणताना दिसली आहेत. कूपरेजवरचे माझे शेजारी ते पाहून चकित झाले असते.

हे सगळं मी त्या बेशाच्या पोराला एका संध्याकाळी सांगत होतो. म्हणजे भाषण असं नव्हे, त्याची पाळी येईपर्यंत विटेवर बसल्या बसल्या. मी त्याला सांगितलं, की 2007 साली चाहत्यांचा तो योकोहामा एफ.सी. सर्वांत वरच्या वर्गात पोचला आणि वर्षभर हरतच राहिला. शेवटच्या दिवशी त्याची गाठ पडली उरावाशी. त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला, मूळचा मित्सुबिशीचा संघ. जिंकला की जपानचं विजेतेपदही उरावाचं. आणि तळाशी बसलेल्या योकोहामाने त्याला 1-0 ने हरवलं! विजेतेपद काशिमाला गेलं.

पोराचे डोळे चमकले. "मंग योकोहामा वाचला?"

"नाही. तो आधीच शेवटच्या क्रमांकावर होता. खालच्या वर्गात गेला."

"आणि मंग बंद केला त्याले?"

"नाही," मी म्हटलं. "2020 साली पुन्हा वर आला. मग पुन्हा खाली गेला. पुन्हा वर आला."

तेवढ्यात त्याला हाक आली आणि तो विटेवरून उठून पळाला.